टिकली बादलीतून प्यायली

"कुणाच्या बापाचा विश्वास बसणार नाही, पण आज टिकलीनं सुपरवायझरची टोपी खाल्ली!"

बाताराव दारातूनच ओरडले. बूट अजून पायात होते, एकाची नाडी सुटलेली. आतल्या खोलीत उशांना टेकून बसलेल्या त्यांच्या बायकोनं डोळे उघडले.

"अख्खी?"

"बिल्ल्यासकट! बिल्ला तेवढा मागून थुंकला."

बाताराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. डेअरीच्या फाटकावर वॉचमन म्हणून त्यांनी जन्म काढला, आणि नुसतं उभं राहून माणसानं करायचं काय, तर बाता मारायच्या. एकदा म्हणे त्यांनी लांडगा परत पाठवला होता, पास नव्हता म्हणून. एकदा त्यांच्या शिंकेनं बंद पडलेला दुधाचा टँकर चालू झाला होता. खरं सांगायची वेळ आली की मात्र त्यांची जीभ अडखळायची. सवयच नव्हती तिला.

बायको नेमकी उलट. सगळी डेअरी तिला मावशी म्हणायची, आणि वासरांच्या शेडमध्ये तिचा शब्द चालायचा. तिथलं वासरू आईजवळ राहायचं ते पहिला चीक पिण्यापुरतं. मग आईचं दूध टँकरमधून गावोगाव जायचं आणि लेकराच्या वाट्याला यायची पोत्यातली पावडर, कोमट पाण्यात फेटलेली. पण वासराला ठाऊक असतं मान वर करून प्यायचं, आणि बादली असते खाली. म्हणून मावशी दोन बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायची. ते चोखायला लागलं की हात हळूहळू बादलीत उतरवायची, आणि सायकल शिकवणाऱ्यानं मागचा हात सोडावा तशी गुपचूप बोटं काढून घ्यायची. वासरू आपलं पीत राहायचं.

टिकली तेवढी शिकेना. कपाळावर पांढरा ठिपका, पाय काड्यांसारखे, आणि हट्ट हत्तीएवढा. बोटं काढली की मान वर, फुर्रकन शिंक, आणि सगळं दूध मावशीच्या तोंडावर. तशातच मावशीच्या छातीनं संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप बदलावी लागेल, मोठ्या इस्पितळात, आणि लवकर.

"टिकली बादलीतून प्यायली की येते," मावशी म्हणाली. "अर्धवट शिकवलेलं वासरू सोडून मी कुठं जायची नाही."

"अगं, वासरू मोठं की जीव?"

"तिचाही जीवच आहे ना? बादली न धरणाऱ्या वासरांना कुठल्या गाडीत भरतात, ते मी सांगायला हवं? फाटक तर तुम्हीच उघडायचात."

फाटकावरची नोकरी सुटल्यापासून बाताराव घरी माश्याच मारत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुपरवायझरचे पाय धरले आणि मावशीच्या जागी स्वतः वासरं पाजायला उभे राहिले.

मग रोज संध्याकाळी खाटेशी हजेरी.

"आज टिकलीनं आपली आपण दहा घोट घेतले!"

"तुमचे दहा. खरे किती?"

"खरे... दोन. पण मोठे होते."

खरं तर दोनही नव्हते. टिकली प्यायची ती बोटांवरच, आणि अंगही धरत नव्हती. इकडे मावशीचे ओठ निळसर पडायला लागले. जिना सोडाच, न्हाणीघरापर्यंत जाताना ती वाटेत भिंत धरायची. तेव्हा बातारावांनी मावशीनं स्वप्नातही केलं नसतं ते केलं. टिकलीच्या बादलीत पावडरचं एक माप जास्त घातलं. मग आणखी एक. दूध दाट झालं की ताकद येईल, ताकद आली की मान खाली जाईल, मान खाली गेली की बायको गाडीत बसेल. घाबरलेल्या माणसाला असं सगळं सरळ रेषेत दिसतं. काल त्यांनी दूध अगदी खिरीसारखं केलं होतं. टिकलीनं बोटं चोखत सगळी बादली संपवली आणि बाताराव शीळ घालत घरी आले.

आज सकाळी ती कोपऱ्यात आडवी होती. पोट ढोलासारखं तट्ट. जनावरांच्या डॉक्टरांनी सुई दिली, नळी घातली, मग बादलीच्या तळाशी बसलेला थर नखानं खरवडला.

"माप कुणाचं?"

"माझं," बाताराव म्हणाले. इतकं छोटं वाक्य ते आयुष्यात बोलले नव्हते.

दुपारच्या आत टिकली गेली. शेवटी शेवटी त्यांनी दोन बोटं तिच्या तोंडात दिली. तिनं चोखली नाहीत. नुसती धरून ठेवली.

आणि उद्या सकाळी इस्पितळाची गाडी दाराशी येणार होती. मावशी हो म्हणाली तर.

"टोपीचं राहू द्या," मावशी म्हणाली. "प्यायली का?"

"प्यायली का? अगं, टोपी खाल्ली ती कशामुळे? बादली संपली तरी पोट भरेना! मी बोटं पुढं केली तर माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी परका माणूस. आणि घातली की मान खाली! पार कानापर्यंत!"

"कान भिजले?"

"ठिबकत होते. बाकीची वासरं पिणं सोडून बघत उभी."

"आणि तुमची बोटं?"

"खिशात. आईशपथ."

मावशी हसली. छाती धरून, थांबत थांबत, पण हसली.

"चला. सुटले बाई. भरा पिशवी. शाल घ्या माझी, आणि कंगवा."

बातारावांना वाटलं, लांडगा काय, टँकर काय, जन्मभराच्या सगळ्या बाता या एकीची नुसती तालीम होत्या. त्यांनी शाल पिशवीत घातली, काढली, नीट घडी करून परत घातली. तिच्याकडे पाठ होती तेवढ्यात डोळे पुसून घेतले.

"इकडे या. बसा. हात द्या बघू. असले हात घेऊन येणार मोठ्या डॉक्टरांसमोर?"

तिनं केसांतली पिन काढली, त्यांचा हात मांडीवर घेतला आणि नखं कोरायला लागली. बाताराव रंगात आले.

"सुपरवायझर काय म्हणतो, ठाऊक आहे? म्हणतो, ही कालवड आहे की पाण्याचा पंप! मी म्हटलं, साहेब, हिची मास्तरीण आमच्या घरी..."

पिन थांबली. मावशीनं टोकावरचा पांढरा कण अंगठ्यावर घेतला, जिभेनं ओला केला, चोळला.

"पावडर आहे गं ती. दिवसभर तेच काम."

"पावडर चिकट होते. हे चुरचुरतंय." मावशी त्यांच्या नखाकडेच बघत होती. "चुना आहे हा, अहो. आणि आपल्या शेडमध्ये चुना टाकतात तो फक्त वासरू गेल्यावर रिकाम्या झालेल्या खणात."

"पिशवी राहू द्या भरलेली," ती म्हणाली, आणि तिनं त्यांचं पुढचं बोट हातात घेतलं.