फिकट होत चाललेली सत्तेचाळीस नंबरची काचपट्टी

मी एक जुनी काचपट्टी आहे. बोटभर लांब, एका कडेला पेन्सिलीने लिहिलेला आकडा, सत्तेचाळीस. खिडकीच्या काचेतून लोक पलीकडे बघतात. माझ्यापाशी मात्र थांबतात, म्हणून मला थोडी घमेंड होती. ती आता उतरली आहे.

माझ्यावर उंदराच्या मेंदूचा काप आहे, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. तो कापला आणि रंगवला प्रयोगशाळेतल्या रंगवाल्या ताईने. तिला सगळे याच नावाने ओळखतात. तिने दोन रंग चढवले. हिरवा धरतो तारकापेशींना. या पेशी हातपाय पसरून बसतात आणि मेंदूतल्या इतर पेशींची सगळी उस्तवार करतात. लाल धरतो फक्त विभागून नवी पेशी घडवणाऱ्या पेशीला. मेंदूत नव्या पेशी जन्माला घालणाऱ्या मूळपेशी ताई शोधत होती. त्या कुठेतरी वेगळ्या असणार, अशी सगळ्यांची समजूत होती.

एक दिवस अंधाऱ्या खोलीत मला सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली ठेवून बघताना ताईचा हात थांबला. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला लागून एक हिरवी पेशी होती. तिचा केसासारखा धागा पाण्याला टेकला होता. आणि आत लाल.

"सर, ही बघा. तारकापेशीच्या वेषात बसलीये. हीच मूळपेशी आहे."

मोठ्या सरांनी डोळा लावला. "अगं, डाग पडलाय. सांभाळणाऱ्या बाईला आई म्हणतेस होय?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वहिनी होत्या. सर खुर्ची फिरवून बोलत बसले. सरांचे थोरले भाऊ, दादा, मागे शिडीवरून पडले होते. मेंदूच्या जखमेभोवती याच तारकापेशींनी गर्दी करून वण धरला होता. बोलता बोलता दादा थांबत, बायकोचं नाव विसरत. त्या पेशी मारणारं औषध सर भावासाठीच बनवत होते. माणूस वाईट नाही हो.

पण माझ्यावरचा दिवा चालूच राहिला. मित्रांनो, आमचे रंग उजेडाने चमकतात आणि उजेडानेच विरतात. ज्या पेशीवर दिवा रोखलेला असतो, तिचा रंग मरत जातो. मला ते कळत होतं आणि मी काही करू शकत नव्हते. फोन ठेवून सरांनी पुन्हा पाहिलं.

"बघ, फिकट झालं. डागच होता."

ताईने फोटो काढला होता. फोटोत डागही असाच दिसतो, सर म्हणाले. खरं कळायला भिंग वरखाली करत पेशीच्या आत बघावं लागतं.

उरलेल्या सगळ्या उंदरांना औषध दिलं गेलं. त्यांच्या मेंदूतल्या जखमांचे वण विरले. सर खूश झाले. महिन्याभराने ताईने कागदाच्या कपट्यांखाली बिस्किटाचा तुकडा पुरला. भुकेले उंदीर त्याच्यावरून चालत गेले. उंदराला वास ओळखायला मेंदूत सतत नव्या पेशी लागतात, आणि औषधाने मूळपेशीच मेल्यामुळे त्या येणंच बंद झालं होतं. खाणं रोज वाटीत मिळायचं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

"सर, त्यांना वास येत नाही."

"सर्दी झाली असेल."

माणसाच्या मेंदूत त्याच पेशी काय काय सांभाळतात, कुणाला ठाऊक? नवे उंदीर यायला दीड महिना आहे. माणसांना औषध देण्याच्या कागदांवर सरांची सही आज व्हायची आहे. यादीत पहिलं नाव त्यांच्या दादांचं.

इतके दिवस ताईने मला काळ्या कागदात गुंडाळून गार खणात ठेवलं होतं. आज सकाळी ती मला घेऊन सरांच्या पुढ्यात उभी राहिली.

"सही करण्याआधी एकदा बघा. दादांसाठी."

सरांनी पेन बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "लाव."

मित्रांनो, तुम्हीही कधी भिंगाखाली काही बघाल. आधी मन जागेवर आणा, मग दिवा लावा. जे दिसेल ते लगेच वहीत उतरवा. बघून झालं की दिवा बंद करा. माझ्यात आता घटकाभर टिकेल इतकाही लाल उरलेला नाही. आज तो विरला, तर पुन्हा दाखवायला माझ्याकडे काही नाही.

ताईने दिवा लावला. सरांनी डोळा टेकवला आणि भिंग हळूहळू खाली आणलं. केसासारखा धागा दिसला. आता थोडंच खाली, की आतला लाल.

सरांच्या खिशात फोन थरथरला. वहिनीच असणार. त्यांनी डोळा उचलला. दिवा चालूच होता.