यंत्राची खोळ

आमच्या सासूबाईंना झाकायचं वेड आहे. पाण्याचं पिंप, टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांना त्यांनी स्वतः शिवलेल्या खोळी. पाहुण्यांना गंमत वाटते, पण त्यांचं तरी काय चुकलं? आमचं घर बंदराच्या भिंतीला चिकटून. भिंतीपलीकडे धक्का, आणि धक्क्याला लागलेलं जहाज कधी गप्प बसत नाही. आतले दिवे, पंप, शीतखोल्या चालवायला त्याला वीज लागते, म्हणून ते उभ्या जागी इंजिन धडधडत ठेवतं. वीज त्याला, काजळी आम्हाला.

मी त्याच बंदरात ट्रकच्या वजनकाट्यावर बसते. तेव्हा खाल्ल्या मिठाला जागून मी तोंड मिटून राहावं, असं नवऱ्याचं म्हणणं. तो टगबोटीवर असतो आणि घरातही कुठल्याच बाजूला न लागता मधूनच जातो. पण आमच्या ठकीच्या छातीला बंदर पगार देत नाही. जहाज लागलं की पोर धापा टाकायला लागते, औषधाच्या वाफेचा मास्क लावून बसते, आणि डॉक्टर म्हणतात, घर बदला. जसं काही आम्ही हौसेने इथे राहतोय!

म्हणून बंदर आता जहाजांना किनाऱ्यावरून वीज देणार हे कळल्यावर मी जी उठले ती थेट पर्यावरण विभागात जाऊन धडकले. तिथला इंजिनिअर तरुण, सरळ, बोलताना समोरच्याकडे बघणारा. त्याने नीट समजावलं. जाड केबल जहाजाला जोडली की जहाज आपलं इंजिन बंद करतं. धूर नाही, धडधड नाही. पण सध्या एकाच धक्क्याला ही सोय होणार होती. आमच्या, नाहीतर पार पलीकडच्या टोकाच्या. दोन्हीकडे हवा मोजायची आणि जिथे जास्त वाईट निघेल तिथे केबल टाकायची, असं ठरलं होतं.

"मग यंत्र आमच्याच गच्चीवर लावा," मी म्हटलं. "आमच्याइतकी घाण हवा तुम्हाला शोधून सापडायची नाही."

घाण हवेचा अभिमान मला पहिल्यांदाच वाटला.

यंत्र आलं. पांढरी पेटी, वर हवा ओढून घेणारी नळी. मेकॅनिकने ते कठड्याला पक्कं केलं आणि जाताना बजावलं, "महागाचं आहे हं, सांभाळा." म्हणाला तो मला, पण मी कामावर निघायच्या गडबडीत होते. ऐकलं सासूबाईंनी.

पुढचे काही महिने मी खुशीत होते. जहाज लागलं की धुराकडे बघून मनात म्हणायची, ओक, ओक, आणखी ओक. ठकी खोकली तरी वाटायचं, थोडे दिवस कळ काढ गं बाई. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

निकाल कळणार होता त्या दिवशी काट्यावर बदली माणूस बसवून मी इंजिनिअरच्या खोलीत गेले. त्याने उठून मला खुर्ची दिली.

"ताई, तुमच्या गच्चीवरची हवा चांगली निघाली," तो म्हणाला. "पलीकडच्यापेक्षा कितीतरी चांगली. खरं सांगतो, मलाही पटलं नाही. जहाज लागलं की तुमच्याकडे हवा उलट सुधारते. वाऱ्याची दिशा तशी असेल, असं आम्ही धरलं."

मी तशीच घरी आले आणि चपला न काढता गच्चीचा जिना चढले. यंत्राला निळ्या फुलांची खोळ होती. दुहेरी कापड, खाली नाडी, नळीला वेगळी टोपी. शिवण इतकी सुबक की एवढ्या रागातही लक्ष तिच्याकडे गेलं.

मागून गुडघे धरत सासूबाई वर आल्या.

"कायम नाही गं घालत," त्या म्हणाल्या. "जहाज असतं तेवढीच. ते गेलं की काढते. एवढा धूर नळीत गेला तर बिघडायचं नाही का ते? आणि आपल्याला केबल मिळायची ती याच्यावरच ना?"

गुडघे पार कामातून गेलेली ही बाई दर जहाजाला हा जिना चढत होती. नातीसाठी. मला किंचाळायचं होतं. तोंड उघडलं आणि "खाली चला, आई" एवढंच बाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी मी इंजिनिअरला सगळं सांगून टाकलं. त्याने कपाळाला हात लावला. हसला नाही, हे त्याचे उपकार.

"पुन्हा मोजा," मी म्हटलं.

"मोजू. पण आधी वर कळवावं लागेल की यंत्र झाकलेलं होतं. मग ते विचारतील, दुसरं झाकलेलं नव्हतं कशावरून? ताई, वरच्यांना हा खर्च मुळात नकोच आहे. त्यांना निमित्त हवंय. मोजणी रद्द झाली की केबलही रद्द."

"पलीकडे कोण राहतं?"

"शाळा आहे. भिंतीला लागूनच. तुम्ही म्हणाल तसं करतो. कळवू?"

तो लबाड असता तर फार बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं. डोळ्यांसमोर ठकी होती, आणि तिच्या मागे एक अख्खा वर्ग धापा टाकत होता.

"नका कळवू," मी म्हटलं.

घरी आले तर ठकी मास्क लावून पलंगावर बसली होती आणि सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"काय म्हणाले गं? यंत्राचं काही बिघडलं नाही ना?"

"नाही आई. यंत्र उत्तम आहे."

"मग केबल?"

"पलीकडे गेली. तिकडे शाळा आहे."

"बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "आधी पोरांचं बघायला हवं. आपलं पुढच्या खेपेला होईल."

पुढची खेप कधी येणार, हे इंजिनिअरलाही सांगता आलं नव्हतं. ठकीची छाती तोवर थांबेल, असं मला काही वाटत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडे भोंगा झाला, आणि खिडकीची काच थरथरू लागली. सासूबाई लगबगीने उठल्या.

"राहू दे ना, आई. उद्या यंत्र काढून नेणार आहेत."

"मग तर जायलाच हवं. लोकांची वस्तू, स्वच्छ परत द्यायला नको?"

त्या जिना चढू लागल्या. ठकीने तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"आजी, मला पण शिव ना गं तसली खोळ."

"शिवते की," वरून आवाज आला. "कापड उरलंय."