समोरची जागा

“मावशी, आता सोफ्यावर बसून बघा,” मनाली म्हणाली, तेव्हा तिथं सोफा नव्हताच. फरशीवर खडूनं काढलेला लांबट चौकोन होता. धनलक्ष्मीनं पदर सावरला, रेघ पुसू नये म्हणून पाय जपून टाकला आणि आत मांडी घालून बसली.

“लई मऊ हाय की गं,” ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मनालीची कामाची रीतच ही. घरं सजवून देणारे बाकीचे लोक कॉम्प्युटरवर रंगीत चित्रं दाखवत. ही खडू घेऊन यायची, सोफा, टेबल, कपाट खऱ्या मापानं जमिनीवर काढायची आणि घरच्या माणसांना त्यातून चालायला, बसायला लावायची. धनलक्ष्मीला ते पहिल्याच दिवशी पटलं. जन्मभर दारात रांगोळी काढलेली बाई ती. आधी जमिनीवर काढायचं आणि मग घर मांडायचं, यात तिला नवल ते काय वाटणार!

साखर पेठेतल्या या घराचा हा तळमजला गेल्या दिवाळीपर्यंत कारखाना होता. इथं टॉवेलचे माग चालत. एका बाजूच्या मागांवर नवरा नरसय्या, समोरच्या बाजूला ती, आणि मधे दिवसभराचा खटखटाट. मग नरसय्याचे गुडघे गेले. पुण्याला नोकरीला असलेल्या गोपाळनं, म्हणजे मुलानं, माग विकायचं काढलं. नरसय्या घुटमळत होता. धनलक्ष्मीच म्हणाली, “विका. लई झाला हा आवाज. आता जरा शांत राहू.” तिच्या शब्दावर माग गेले, आणि आईवडलांना खाली शांत, स्वतःचं असं घर करून द्यायला गोपाळनं मनालीला गाठलं.

नरसय्याचे कान मागांनी कधीच खाल्ले होते. गोपाळनं आणलेलं ऐकायचं यंत्र त्यानं काही दिवस कानात घातलं, ‘डोक्यात माशी फिरतीय’ म्हणून काढलं आणि देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून दिलं. तिथं निदान देवाला तरी उपयोग होईल, असं धनलक्ष्मी म्हणायची. पण त्यावाचून तिचं कधी अडलं नाही. मागावरची माणसं तशीही कानांनी बोलत नाहीत. ओठ हलवायचे आणि हात चालवायचे. दोन बोटं जुळवून फटकन उघडली की धागा तुटला. हात तोंडाशी नेला की जेवायला चला. तळवा पालथा करून खाली दाबला की माग बंद. त्याच्या जोडीला तेलुगूतले शब्द, आवाज न काढता. गोपाळला शिकवायचं कुठं, त्याचं लग्न कुणाच्या घरात करायचं, हे सगळं दोघांनी मागावरूनच ठरवलं होतं. भांडायचे तेही असंच. शेजारच्या दाक्षायणीला त्याचं फार दुःख, कारण भिंतीला कान लावून काही पदरात पडत नसे.

“मावशी, तुम्हाला स्वतःला काय पाहिजे? गोपाळदादांचं सोडा,” मनालीनं त्या दिवशी विचारलं.

धनलक्ष्मी एकदम लाजली. “हसू नको बरं का. मला यांच्या शेजारी बसायचंय. आमी दोघं कदी शेजारी बसलोच न्हाय बग. लग्नात पाटावर बसलो, तेवढंच. पुढं सगळा जन्म समोरासमोर उभं ऱ्हायलो.”

मनालीनं सोफ्यासमोर काढलेली खुर्ची ओल्या फडक्यानं पुसून टाकली आणि सोफा हातभर लांबवला.

घर झालं. भिंतींना ताकासारखा फिकट रंग, छताच्या कडेत लपवलेले मंद दिवे, त्यांच्याच मागावरच्या शेवटच्या सुती कापडाचे पडदे. दाक्षायणी येऊन गेली आणि “हाटेलात आल्यागत वाटतंय” म्हणाली. तिच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे काम खरंच चांगलं झालं होतं.

संध्याकाळी धनलक्ष्मी नवऱ्याच्या शेजारी बसली. मनात म्हणाली, हेच हवं होतं मला. मग ती बोलायला लागली. आमटी कशी झाली होती, गोपाळचा फोन आला होता, नळाला आजही पाणी आलं नाही. नरसय्या समोरच्या भिंतीकडे बघत होता. तिनं कोपरानं ढोसलं. तो वळला, “आँ?” म्हणाला. तिनं पुन्हा सांगितलं. त्या मंद उजेडात तो तिच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिला आणि नुसती मान हलवली.

पुढच्या दिवसांतही तेच. तो बोलेना. काही विचारलं तर हूं. हळूहळू तो जेवून झालं की बाहेरच्या पायरीवर जाऊन बसायला लागला. तिला वाटलं, मागांची आठवण येत असेल. मग वाटलं, आपल्यावर राग आहे. विका म्हणून आपणच म्हणालो होतो. भांडला असता तरी चाललं असतं, पण हा तर मुकाच झाला. धनलक्ष्मीला भीती वाटायला लागली की उरलेलं आयुष्य आता असंच, एका सोफ्यावर दोन गप्प माणसांसारखं जाणार.

मनाली घराचे फोटो काढायला आली, तेव्हा धनलक्ष्मीनं तिला स्वयंपाकघरात ओढलं.

“पोरी, घर लई चांगलं झालंय. तुझा काय दोष न्हाय. पण हे बोलायचेच बंद झालेत गं.” तिचे डोळे भरून आले.

मनाली गोंधळली. “रंग आवडला नाही का त्यांना? बदलू या ना.”

“त्येंला रंगाचं काय कळतंय! माज्यावर राग हाय.”

मनाली बाहेर आली, तिनं नरसय्याला नमस्कार करून सोफ्यावर नीट बसवलं आणि मोबाइल धरला. “मावशी, समोरच्या भिंतीवरचा बालाजीचा फोटो वाकडा दिसतोय. सरळ करता का जरा?”

धनलक्ष्मी समोर गेली. फोटो हलवून तिनं मागं वळून पाहिलं. सोफ्यामागच्या दारातला उजेड थेट तिच्या तोंडावर पडला.

नरसय्याचा हात वर गेला. डावीकडे. अजून. खाली. ती हलवत राहिली. मग त्याचे ओठ हलले. “फोटो बरोबर हाय. तूच वाकडी हुभी हाईस. गुडघा दुखतोय का?”

“लई दिवस झाले.” तिचेही हात आपोआप चालायला लागले होते.

“मग सांगितलं का न्हाईस?”

“सांगितलं न्हाय? रोज सांगतीय की! हितं तुमच्या शेजारी बसून!”

“मला कुटं दिसलं ते?”

मनालीला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिला आवाजच ऐकू आला नाही. पण हातांची लगबग दिसली, आणि इतके दिवस गप्प असलेला म्हातारा सोफ्याच्या कडेला येऊन बसलेला दिसला. तिनं मोबाइल खाली घेतला.

धनलक्ष्मीचे हात मधेच थांबले. ती उभी होती ती जागा तिनं पाहिली. तिच्या मागाची जागा साधारण हीच. ती आत गेली, रांगोळीचा डबा घेऊन आली आणि गुडघा सांभाळत वाकून तिथं एक चौकोन काढला.

“हितं खुर्ची पायजे,” ती म्हणाली.

“मी ती पुसायलाच नको होती,” मनाली म्हणाली.

“तू विचारलंस की. मीच शेजारी म्हणाले.”

मग दोघी कामाला लागल्या. मनाली सोफ्यावर बसून बघायची, धनलक्ष्मी चौकोनात स्टुलावर बसून ओठ हलवायची. उजेड कुठून आला की चेहरा नीट दिसतो, ते दोघींनी घरातला टेबललॅम्प इकडून तिकडे फिरवून ठरवलं. त्या आठवड्यात साधी, पाठीची लाकडी खुर्ची आली आणि तिच्यावर उजेड पडेल असा दिवा बसला.

त्या संध्याकाळी नरसय्यानं साचलेलं सगळं बाहेर काढलं. पाणी, दाक्षायणीचं कुत्रं, आमटीतलं मीठ. मीठ कमी होतं म्हणे, महिनाभर. धनलक्ष्मीनं त्याला चांगलंच सुनावलं आणि तिचा जीव हलका झाला.

बोलता बोलता तिची नजर सोफ्यावर गेली. नरसय्याच्या शेजारची जागा रिकामी होती. उशी जशीच्या तशी, कुणी न टेकलेली. तिला वाईट वाटलं. सगळ्या घरात तिनं स्वतःसाठी मागितलं होतं ते तेवढंच.

नरसय्या तिच्याकडेच बघत होता. त्यानं ती उशी उचलून बाजूला ठेवली आणि रिकाम्या जागेवर हात थोपटला.

तिनं मान हलवली. “तितं बसल्यावर तुमाला माजं बोलणं कळत न्हाय.”

त्यानं तळवा पालथा केला आणि सावकाश खाली दाबला. माग बंद.

ती उठली, दिवा मालवून त्याच्या शेजारी जाऊन बसली. आत कुकरची शिट्टी झाली. त्याला ती ऐकू आली नाही, आणि तिनं उठायची घाई केली नाही.