सुरक्षेला पैकीच्या पैकी

आमच्या पत्त्यांच्या अड्ड्यासाठी ऑनलाइन पोकर रूम, म्हणजे पोकर खेळायची वेबसाइट, निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण असली कामं माझ्याकडेच येतात. मंडळाच्या गणपतीला स्पीकर कुठून भाड्याने आणायचे, संमेलनाला हॉल कुठला घ्यायचा, जेवणाची ऑर्डर कोणाला द्यायची, सगळ्याला एकच उत्तर: गुणवंतराव बघतील. मी एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू कुठे मोडते ते शोधायचा मला पगार मिळतो. मित्रांसाठी तेच फुकटात करतो.

मित्र म्हणजे तिघं. नंदन रेडिओलॉजिस्ट, इथेच कॅनडातल्या मिल्टनमध्ये आमच्या मागच्या गल्लीत राहतो. निहार तासाभरावरच्या वॉटर्लूत एका टेक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि चित्रा तिथेच विद्यापीठात शिकवते. कित्येक वर्षं दर शनिवारी दुपारी आम्ही चौघं नंदनच्या बेसमेंटमध्ये पोकर खेळत आलो. गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला हायवेवर निहारची गाडी विंटर टायर्स असूनही घसरली आणि कठड्यावर आदळली. त्याला खरचटलंसुद्धा नाही, पण त्याच्या बायकोने पत्त्यांसाठी गाडी काढायची नाही असं बजावलं. मग बर्फ वितळेपर्यंत ऑनलाइन खेळू असं ठरलं. तेही खऱ्या पैशांनी, कारण खोट्या चिप्सवर चित्राचा जीव रमत नाही.

मी काम मनावर घेतलं. ज्या रूम्सकडे ऑन्टारिओचं लायसन्स नव्हतं त्या आधीच बाद केल्या. उरलेल्या प्रत्येकीत थोडे पैसे भरले आणि लगेच परत काढायला गेलो. पैसे घ्यायला सगळेच हसतमुख असतात, कोण कसा आहे ते परत मागितल्यावर कळतं. एकीने माझा पासपोर्ट पुन्हापुन्हा मागितला आणि दरवेळी फोटो अंधुक आहे म्हणून सांगितलं. दुसरीचा बोनस असा होता की तो हातात पडायला मला पुढचा जन्म घ्यावा लागला असता, आणि आम्ही बौद्ध लोक पुनर्जन्म मानत नाही.

शेवटी एक रूम मनात भरली. मागितलेले पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात आले होते. तिच्या सुरक्षा विभागाला फोन करून मी भरपूर पिडलं. दोघा-तिघांनी संगनमत करून बाकीच्यांना लुटलं तर तुम्हाला कसं कळणार? त्यांनी नीट समजावून सांगितलं. कोण कोणावर बोली चढवतो, कोण कोणासमोर माघार घेतो, हे प्रत्येक डावात त्यांचा कॉम्प्युटर बघत असतो. आणि लबाडी म्हणजे नुसती चोरी नव्हे. समोर मित्र आहे, त्याला कशाला मारायचं, म्हणून चांगले पत्ते टाकून देणं हीसुद्धा तिथे लबाडीच. कारण मित्राला सोडलं की भुर्दंड टेबलावरच्या परक्याला बसतो. मी सुरक्षेला दहापैकी दहा मार्क दिले.

व्हिडिओ कॉलवर हे सगळं मी तिघांना सांगितलं. हा नियम तर दोनदा सांगितला.

नंदन हसला. "अहो गुणवंतराव, आपण काय चीटिंग करणार? वी आर लाइक फॅमिली!"

कॉल संपल्यावर माझी बायको कोमल म्हणाली, "ते तिघं एकमेकांना अरे-तुरे करतात. तुम्हालाच अहो का?"

"मान देतात."

"अच्छा," ती म्हणाली आणि भांडी लावायला लागली.

खेळ सुरू झाला. टेबल सहा खुर्च्यांचं. चार आमच्या आणि दोन खुर्च्यांवर ऑन्टारिओतलं कोणीही येऊन बसायचं. खेळताना आपसात फोन करायचा नाही, हाही नियम मीच घातला होता. त्यामुळे बेसमेंटमधली बडबड बंद झाली आणि उरले नुसते पत्ते. त्यात मी हरायला लागलो. एखाद्या शनिवारी नाही, सबंध हिवाळा. मला वाटलं, समोर चेहरे नाहीत म्हणून मला माणसं वाचता येत नाहीत. यूट्यूबवर धडे घेतले. कोमलला म्हटलं, वय झालं बहुतेक.

मार्चमध्ये एकदा ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून डबा खात होतो, तेव्हा त्या रूमच्या सुरक्षा विभागातून फोन आला. बोलणारी बाई फार अदबशीर होती. म्हणाली, तुमच्या टेबलावरचे तीन खेळाडू गट करून खेळत होते. त्यांची खाती आम्ही गोठवली आहेत आणि तुमचं झालेलं नुकसान तुमच्या खात्यात भरलं आहे. तिने तिघांची टेबलावरची नावं वाचली. मिल्टनडॉक, निहारऑनटिल्ट, प्रोफेसरसी.

"काहीतरी चुकतंय," मी इंग्रजीत म्हटलं. "काय केलं त्यांनी?"

"ते एकमेकांसमोर चांगले पत्ते टाकून देतात, सर. बाकी सगळ्यांशी मात्र कसून खेळतात."

"बाकी सगळे म्हणजे?"

"तुम्ही, सर. आणि त्या टेबलावर येऊन गेलेले इतर."

"माझ्यासमोर कोणी कधीच माघार घेतली नाही? मुद्दाम?"

तिने तपासून पाहिलं. कीबोर्डचा आवाज येत होता. "नाही, सर. तुमच्याशी ते अनोळखी माणसांशी खेळावं तसेच खेळलेत. आकड्यांत काहीच फरक नाही." मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुमच्यावर कोणताही संशय नाही."

तिने ते मला धीर द्यायला सांगितलं. मी डबा अर्धाच बंद केला.

त्यांनी ठरवून केलं असतं तर बरं झालं असतं. चोर म्हणून शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण त्या तिघांना मी ओळखतो, त्यांनी काही म्हणजे काही ठरवलं नसणार. आपल्या माणसाला कुठे लुटायचं, म्हणून त्यांचा हात आपसूक आखडला. माझी पाळी आली की तो आपसूक मोकळा सुटला. कसलं कारस्थान नाही, की द्वेष नाही. नुसती सवय. मी त्यांच्या गणपतीत खुर्च्या उचलतो, आरतीला टाळ्या वाजवतो. आमच्या असोसिएशनच्या चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाचं आमंत्रण मी दरवर्षी तिघांना देतो आणि दरवर्षी कोणाच्या तरी मुलाचं स्विमिंग निघतं. मी ते खरं मानत आलो. मूर्ख होतो असं नाही. मला ते खरं असायला हवं होतं.

त्या शनिवारी तिघं माझ्या घरी आले. वॉटर्लूहून निहार आणि चित्रा एका गाडीतून आले, वाटेत त्यांनी नंदनला घेतलं. इतक्या वर्षांत तिघं मिळून माझ्या घरी यायची ही पहिलीच वेळ. रस्ते साफ असावेत.

"गुणवंतराव, ही साइट तुम्हीच सिलेक्ट केलीत," नंदन म्हणाला.

"हो. तिने काम चोख केलं."

"जोक नका करू. पैसे गेले खड्ड्यात, पण माझ्या नावावर फ्रॉड लागला तर? मी डॉक्टर आहे. चित्राला युनिव्हर्सिटीत काय तोंड दाखवायचं?"

निहार पुढे सरकला. "सिंपल आहे. तुम्ही त्यांना फोन करून सांगा की आपण चौघंही एकाच ग्रुपचे. फ्रेंडली गेम होता. तुम्ही आमच्यातलेच असाल तर व्हिक्टिम कोण उरतो? केस क्लोज."

"सांगतो," मी म्हटलं. "फक्त मला एक डाव सांगा. माझ्यासाठी कोणी पत्ते टाकून दिले असा एक."

निहारने नंदनकडे पाहिलं. नंदन खिडकीबाहेर बघायला लागला.

"अहो, तुम्ही किती सीरियसली खेळता!" चित्रा म्हणाली. "तुम्हाला सोडलं असतं तर तुम्हाला इन्सल्ट वाटला असता. आम्ही तुम्हाला रिस्पेक्टच दिला."

"नंदनला सोडलंत, तेव्हा त्याचा इन्सल्ट नाही झाला?"

"नंदनचं वेगळं आहे," ती म्हणाली.

कोमल चहा घेऊन आली होती. तिने ट्रे टीपॉयवर ठेवला. "काय वेगळं आहे?"

"वहिनी, प्लीज," नंदन म्हणाला. "आता यात तो विषय नको."

"कुठला विषय?" कोमलने विचारलं.

विषय कोणी काढलाच नव्हता, तरी तो नंदनला बरोबर ठाऊक होता. मला त्या क्षणी त्याच्यापेक्षा माझाच जास्त राग आला, कारण मला अजूनही वाटत होतं की यांच्यातल्या एकाने तरी म्हणावं, चुकलं रे. तेवढ्यावर मी फोन केला असता आणि हवं ते खोटं बोललो असतो. शनिवार परत मिळाले असते. मी वाट बघितली. निहारने चहा उचलला आणि साखर आहे का विचारलं.

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. माझी केस त्याच बाईकडे होती.

"मी त्या तिघांना ओळखतो," मी म्हटलं. "हे मागच्या वेळी सांगायचं राहिलं."

नंदनने मान हलवली. छान, पुढे बोला.

"ओके, सर. मग हे मला नीट नोंदवावं लागेल. तुम्ही चौघं एकमेकांचे मित्र आहात का?"

निहारचा कप हवेतच थांबला. चित्रा माझ्याकडे बघून हसली. इतक्या मायेने ती माझ्याकडे बघून पूर्वी कधी हसलेली मला आठवत नाही.

"ते तिघं आहेत," मी म्हटलं.

"आणि तुम्ही, सर?"

"मी त्यांच्या टेबलावर बसायचो. एवढंच."

"थँक यू, सर. आमच्या तपासाशी हे जुळतं. आता खाती कायमची बंद होतील."

फोन ठेवल्यावर नंदन उठला. "काय मिळवलंत तुम्ही? इतक्या वर्षांची मैत्री पत्त्यांवरून तोडलीत."

बोलून टाकल्यावर मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. कोमल माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. खिडकीतून दिसत होतं, ड्राइव्हवेत तिघं थोडा वेळ तावातावाने बोलले. मग निहारने चित्राच्या खांद्यावर हात ठेवला, नंदनने तिच्यासाठी दार उघडून धरलं, आणि एकमेकांना सांभाळत तिघं एकाच गाडीत बसून निघून गेले.