वाटाण्याएवढं मलम

ट्यूबचं शेपूट खालून वर घट्ट गुंडाळलेलं होतं... ती स्वतः कधी असं गुंडाळत नसे. ही नणंदेची सवय, काही म्हणजे काही वाया घालवायचं नाही. आठवड्याभरात निम्मी ट्यूब रिकामी!

तिने आरशात पाहिलं. पंचेचाळिशीला आलेला चेहरा. डोळ्यांशी सुरकुत्या आणि हनुवटीवर अजूनही मुरुमं – दोन वयांनी एकाच घरात बिऱ्हाड थाटावं तसा. म्हणून तर डॉक्टरांनी हे मलम लिहून दिलं होतं, आणि बजावलं होतं : रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढंच, सुरुवातीला एक दिवसाआड, सनस्क्रीनशिवाय उन्हात जायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही.

स्वतःच्या घराचं काम निघालं म्हणून नणंद इथे राहायला आली होती. उघड्या तलावावर पोहायला शिकवायची, दिवसभर उन्हात. "मी पण लावू का गं? कसं लावायचं?" तिने विचारलं, तेव्हा डॉक्टरांचं सगळं बोलणं हिच्या जिभेवर होतं. पण बाहेर पडलं ते एवढंच – "सकाळ-संध्याकाळ लावा ताई. हात आखडता घेऊ नका."

किती सहज निघालं ते! लग्नातला तो फोटो... सगळे ओळीत उभे, आणि ह्याच ताई फोटोग्राफरला म्हणाल्या होत्या, "नवरीला जरा बाजूने घ्या हो, नाहीतर नुसत्या पुटकुळ्याच दिसतील." सगळे हसले. नवराही. मीसुद्धा हसले – तेच, तेच अजून डाचतं.

"अगं, ऐकतेस का?"

नणंद दारात उभी होती. गाल लालभडक, नाकाच्या कडेने पापुद्रे सुटलेले. ते पाहून तिच्या आत काहीतरी सुखावलं, अगदी निर्लज्जपणे. घ्या, आता तुम्ही उभ्या राहा बाजूने.

"फार आग होतेय गं. अजून वाढवू का? तू सांगशील तसं करते, बाई. मला त्यातलं काय कळतंय?"

भांडण चाललं असतं. हा भरवसा तिने हिशेबात धरलाच नव्हता.

"ताई, लग्नात फोटो काढताना तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं?"

"फोटो?" नणंद खरोखरच आठवू लागली. "तू छान दिसत होतीस, एवढं आठवतं."

म्हणजे इतकी वर्षं ते वाक्य ही एकटीच सांभाळत बसली होती! राग ओसरेल असं वाटलं, तो उलट उसळला – विसरून जायची चैनसुद्धा ताईंच्याच वाट्याला यावी?

"बंद करा ते मलम. मी चुकीचं सांगितलं." 'मुद्दाम' हा शब्द ओठांपर्यंत येऊन परत गेला. "आज उन्हात जाऊ नका. माझ्या डॉक्टरांना दाखवून येऊ."

नणंद स्टुलावर बसली, डोळे मिटून, चेहरा वर करून. हिने साधं मॉइश्चरायझर बोटावर घेतलं आणि तिच्या गालाला टेकवलं. कातडी गरम लागली, पातळ... इतकी पातळ, की बोट जरा जोरात फिरलं तर –

"बरं वाटतंय गं," नणंद पुटपुटली.

तिने जोर दिला नाही. एक गाल झाला, दुसरा झाला. जोर द्यावासा मात्र अजून वाटतच होता. आणि त्याहून नकोसं हे, की हळुवार फिरणारा हात थांबवावासाही वाटेना.