सात गाणी उरकली, आठवं उरलं

मित्रांनो, माझ्या मानेला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर लिहिलं आहे, ‘खराब’. मी जुना माईक आहे, हे मला मान्य. पण खराब मी कधीच नव्हतो. ती चिठ्ठी आठवली की आजही माझी तार तापते.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एका बाईने चिमट्याने माझ्या पोटात केसासारख्या तारा बसवल्या आणि वर जाळी चढवली. लोक त्या जाळीला माझं तोंड समजतात. साफ चूक! तो माझा कान आहे. तोंड मला नाहीच, म्हणून तर इतकी वर्षं सगळं गिळून गप्प बसलो.

तिथून मी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आलो. मध्ये मोठी काच होती आणि काचेपलीकडे यंत्रांपाशी रेकॉर्डिस्टकाका बसायचे. येणारा-जाणारा माझ्या डोक्यावर टिचक्या मारायचा, नाहीतर फू-फू करायचा. काका ओरडायचे, “अहो, ती काय चूल आहे, फुंकताय?”

एक दिवस एक गायिका आली. नुकतं शिक्षण संपलेली, घाबरलेली पोर. पहिल्या गाण्याची एकच ओळ तिने वीस वेळा गायली. काका म्हणाले, “बास की पोरी, छान झालं.” ती म्हणाली, “छान झालं काका, पण खरं नाही झालं.” एकविसाव्या वेळी खरं झालं. मी आतून थरारलो. ते गाणं घराघरांत पोचलं आणि कंपनीच्या साहेबांनी लगोलग पाच अल्बमच्या करारावर तिची सही घेतली. तिने तो वाचला नाही. आनंदात असताना वाचतं का कुणी?

पुढे साहेबांचं एकच पालुपद सुरू झालं, “पहिल्यासारखंच हवं, पण नवीन हवं.” तिने नवीन आणलं की ते पहिल्यासारखं नसायचं. पहिल्यासारखं आणलं की त्यात नवीन काही नसायचं. करार संपेपर्यंत दुसरीकडे गायची सोय नव्हती. चौथ्या अल्बमपर्यंत तिचा आवाज पाणी घातलेल्या दुधासारखा झाला.

पाचव्या अल्बमच्या वेळी ती आली ती कडेवर दोन वर्षांची लेक घेऊन. लाडाचं नाव ठकी. ठकीला तिने काकांजवळच्या बाकावर बसवलं आणि म्हणाली, “काका, आज आठही गाणी उरकून टाकू. मग मी सुटले.”

उरकून! मित्रांनो, भांडी उरकतात, धुणं उरकतात. गाणं उरकतात का कधी? एका ओळीसाठी एकवीसदा झटणारी ती बाई घड्याळाकडे बघत सात गाणी गाऊन मोकळी झाली. एकात तर शब्दच चुकला. “राहू दे काका, कोण ऐकतंय?” अगं, मी ऐकत होतो! मी संतापलो. पण रागवायचं कुणावर? तिच्यावर, की तिच्यावर ही पाळी आणणाऱ्यांवर?

काचेपलीकडे बसलेल्या साहेबांनी मिनिटं मोजली. “करारात चाळीस आहेत. सदतीसच भरली. आठवं गाणं तीन मिनिटांचं तरी हवंच.”

तेवढ्यात ठकीने भोकाड पसरलं. आई तिला आत घेऊन आली, खांद्यावर टाकलं आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या डुलत गुणगुणू लागली. घरची अंगाई. तिनेच जुळवलेली, अर्ध्याअधिक शब्दांना अर्थच नसलेली. आणि आवाज? तोच, एकविसाव्या वेळचा! ठकी हुंदके देत देत शांत झाली. टेप फिरतच होती. काका बंद करायला विसरले होते.

साहेब धावत आत आले. “मॅडम, हेच टाकू! इतके दिवस कुठे लपवलं होतंत?”

“हे नाही द्यायचं. हे ठकीचं आहे.”

“कलम सात बघा. माईकसमोर गायलेलं, गुणगुणलेलं सगळं कंपनीचं. घरी गा हो, कोण अडवतंय?”

“घरी गाताना मला तुमचं तोंड आठवेल, त्याचं काय?”

साहेब गाडीतून कराराची फाईल आणायला गेले. तेवढ्यात उघड्या दारातून मला एक ‘खट्ट’ ऐकू आलं. ते परत आले आणि म्हणाले, “ऐकवा.” काकांनी टेप लावली. नुसती शांतता!

काका छताकडे बघत म्हणाले, “माईक म्हातारा झालाय साहेब. दगा दिला बघा.”

दगा? मी? माझा भडकाच उडाला. मग ते ‘खट्ट’ आठवलं. ते टेप पुसायच्या बटणाचं होतं.

गायिका काकांकडे बघून हसली. मग साहेबांच्या हातातली फाईल तिने ओढून घेतली. “तीन मिनिटंच ना? काका, लावा टेप.” आणि तिने कलम सात गायलं! ‘गायिकेने गायलेले, गुणगुणलेले सर्व काही कंपनीचे राहील.’ एकेक शब्द दातांखाली चावून. ‘सर्व काही’वर अशी तान घेतली की काच थरथरली. एवढा राग मी कधी ऐकला नव्हता. पहिल्याच दमात खरं झालं.

“हे काय गाणं आहे?” साहेब किंचाळले.

“माईकसमोर गायलंय ना? मग तुमचंच. घेऊन जा.”

“आणि या वेळी माईक बरा चालला हं साहेब,” काका म्हणाले.

मिनिटं चाळीस भरली. कलमही त्यांचंच होतं. ठकीला घेऊन ती निघाली आणि सुटली. जाताना तिने माझ्या जाळीवरून हलकेच हात फिरवला. ठकीचं तोंड पुसावं तसा.

साहेबांनी त्याच दिवशी मला काढून टाकायला लावलं. चिठ्ठी काकांनीच लिहिली. चिकटवताना पुटपुटले, “माफ कर बाबा. कुणाच्या तरी माथी मारायला हवं होतं.” तेव्हापासून मी या कपाटात आहे. काकांवरचा राग केव्हाच गेला. त्या कराराच्या कागदावरचा गेला नाही, जाणारही नाही.

म्हणून सांगतो मित्रांनो, चित्र काढा, गाणं म्हणा. मन नसेल तर खुशाल नाही म्हणा, भांडा, चिडा. पण उरकू नका. आणि दुसऱ्याकडून उरकून तर मुळीच घेऊ नका.

आणि ती अंगाई कशी होती, असं मात्र विचारू नका. मला ती अक्षर न् अक्षर पाठ आहे. पण माझी चिठ्ठी वाचलीत ना? मी खराब आहे. माझ्यातून काही ऐकू येत नाही.