डाव्या सीटचं वजन

चौथं चाक काट्यावर चढलं तसा मिस्त्रीने हात वर केला आणि मागून गाडी ढकलणारा त्याचा मेव्हणा थांबला. चार चाकांखाली चार सपाट वजनकाटे होते. कुठल्या चाकावर किती भार पडतो, ते तळहाताएवढ्या एका पडद्यावर दिसायचं.

"आता पिशव्या," मिस्त्री म्हणाला.

सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवल्याशिवाय तो पान्याला हात लावत नसे. माणसं न बसवता गाडी समतोल करणं म्हणजे माप न घेता सदरा शिवणं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, तेही कुणी न विचारता. उजवीकडे मेव्हण्याच्या वजनाएवढे चौऱ्याहत्तर किलो, डावीकडे त्याच्या स्वतःचे ब्याऐंशी. घाटातल्या शर्यतीत मेव्हणा गाडी चालवायचा आणि मिस्त्री शेजारी बसून पुढे येणारी वळणं वहीतून मोठ्याने वाचायचा. अकरा वर्षं हेच चाललं होतं. ब्याऐंशीतले दहा किलो या अकरा वर्षांतले, असं बायको म्हणायची.

सकाळी दोघांची स्प्रिंगवरून जुंपली होती. नवे शॉकअप आले होते, सोबत स्प्रिंगच्या दोन जोड्या, एक मऊ, एक कडक. मेव्हण्याला मऊ स्प्रिंगही हवी होती आणि गाडीही दोन बोटं खाली हवी होती.

"दोन्ही कसं मिळेल?" मिस्त्री तडकला होता. "गाडी खाली घेतली की स्प्रिंगला दबायला जागा उरत नाही. पहिल्याच खड्ड्यात टायर मडगार्डला घासेल. खाली हवी तर कडक घाल, मऊ हवी तर वर राहू दे. दोन दगडांवर पाय ठेवू नकोस."

"बरं, कडक घाला. तुम्ही म्हणाल तसं."

इतक्या सहज त्याने आजवर कधी ऐकलं नव्हतं. तेव्हाच मिस्त्रीच्या मनात पाल चुकचुकली होती.

उजव्या सीटवरच्या पिशव्या झाल्या. डाव्या सीटवर मिस्त्रीने सवयीने दहा-दहा किलोच्या आठ आणि वर दोन किलोची एक ठेवली. मेव्हणा दारापाशी उभा राहून किल्ली बोटात फिरवत होता.

"भावोजी, डावीकडे पंचावन्न धरा."

मिस्त्रीने पडदा पुसला. तो स्वच्छच होता.

"पंचावन्न कुणाचे?"

"आहे एकजण. वाचतो चांगलं."

"नाव काय त्याचं?"

"सांगतो ना. चारला गाडी न्यायला येतो तेव्हा सांगतो. आजच घाटात एक फेरी मारून बघायची आहे." मग किल्ली खिशात टाकत तो म्हणाला, "मनात काही आणू नका."

"मनात काय आणायचंय? गाडी तुझी, सीट तुझी."

मेव्हणा गेला. सीट का बदलली ते दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून कुणी विषय काढला नाही. मागच्या शर्यतीत मिस्त्रीचा चष्मा घामाने नाकावरून घसरला होता आणि त्याने एक ओळ सोडून खालची वाचली होती. डाव्या वळणाच्या जागी उजवं. गाडी कठड्याला घासून थांबली, कुणाला खरचटलंही नाही. परतताना मेव्हणा एक शब्दही बोलला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिस्त्रीला त्यानंतर कितीदा तरी वाटलं होतं.

काम मात्र थांबून चालणार नव्हतं. हुकाचा पाना घेऊन तो पुढच्या डाव्या चाकापाशी उताणा झाला. शॉकअपच्या आट्यांवर एक रिंग असते. ती वर-खाली फिरवली की गाडीचा तो कोपरा उचलतो किंवा बसतो. एक कोपरा हलवला की बाकीचे तीनही रुसतात, म्हणून प्रत्येक अर्ध्या आट्यानंतर गाडी पुढे-मागे लोटायची, दाबून हलवायची, स्प्रिंगा बसू द्यायच्या, मग आकडे बघायचे. या कामाला घाई चालत नाही. एरवी तो हे करताना गुणगुणायचा. आज त्याचे दात घट्ट आवळलेले होते.

उंची बसली. आता भार. पंचावन्न धरायचे तर सत्तावीस किलो काढायला हवे होते. त्याने वरची दोन किलोची पिशवी काढली, मग दहाची एक काढून जमिनीवर ठेवली. तिच्याकडे बघत तो बराच वेळ उभा राहिला. अकरा वर्षं शेजारी बसलेला माणूस पिशव्या मोजून काढायचा, आणि तोही त्याच्याच हातांनी!

त्याने दहाची पिशवी उचलून परत सीटवर ठेवली. वर दोनचीही ठेवली.

वाईट असं आपण काहीच करत नाही, असं त्याने मनाला समजावलं. नेहमी करतो तेच करतोय. डावी बाजू सत्तावीस किलोंनी हलकी निघेल, डाव्या वळणावर ब्रेक दाबला की पुढचं डावं चाक आधी अडकेल, गाडी सरळ जाऊ बघेल. मेव्हण्याचा हात पक्का आहे, सावरेल. चार-पाच सेकंद जातील फार तर. लोक म्हणतील, नवा वाचणारा चांगल्या पायगुणाचा नाही. मेव्हणा दारात येऊन डोकं खाजवत उभा राहील. येऊ दे की! त्या कल्पनेने त्याला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. तरीही त्याने पाना थांबवला नाही.

साडेतीनला पडद्यावर पुढचं डावं-मागचं उजवं आणि पुढचं उजवं-मागचं डावं या तिरक्या जोड्यांच्या बेरजा बरोबर निम्म्या-निम्म्या आल्या. असं सुरेख माप वर्षानुवर्षांत जमलं नव्हतं. त्याने पिशव्या उतरवून भिंतीशी रचल्या आणि गाडी काट्यांवरून खाली घेतली.

मेव्हणा चारच्या ठोक्याला आला. गाडीभोवती एक चक्कर मारून खाली वाकला. बसकी, रस्त्याला चिकटलेली गाडी बघून त्याचा चेहरा उजळला.

"क्या बात है, भावोजी! पंचावन्नच धरलेत ना?"

"हो," मिस्त्री म्हणाला. शब्द तोंडातून निघाला आणि त्याचे कान तापले.

"मग ऐका आता. रागावायचं नाही हं."

फाटक वाजलं. आत आली ती मिस्त्रीची लेक. या वेळी ती कचेरीत असायला हवी होती. अंगात शर्यतीचा पोशाख, काखेत हेल्मेट, हातात वही. वहीच्या उघड्या पानावर ठसठशीत अक्षरात वळणं लिहिलेली होती.

"बाबा, मामाला काही बोलू नका," ती एका दमात म्हणाली. "सांगू नको असं मीच म्हटलं होतं. तुम्ही नाहीच म्हणाला असता. चार महिने शिकतेय मी. आईला माहितीये."

"आईला माहितीये," मिस्त्री एवढंच म्हणाला.

"तुमच्याकडूनच तर आलंय. लहानपणी झोपवताना गोष्टीऐवजी वळणं वाचून दाखवायचात ना मला."

ती हसली, डावीकडचं दार उघडून आत बसली आणि पट्टे आवळले. मेव्हण्याने गाडी सुरू केली. मिस्त्री पुढच्या डाव्या चाकाकडे बघत होता. टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट उजवीपेक्षा सुतभर जास्त होती. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती. घाटातलं आठव्या मैलाचं डावं वळण त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, तिथे कठडा नाही आणि खाली नुसती दरी. सकाळपासून ती दरी त्याला एकदाही आठवली नव्हती. परक्याचं पोर बसणार होतं तेव्हा चार-पाच सेकंदच काय ते जाणार होते.

गाडी हलली तसा तो आडवा गेला आणि त्याने बॉनेटवर दोन्ही हात टेकले.

"बंद कर."

"अहो, काय झालं?"

"डावीकडचं चुकलंय. काट्यावर घे परत."

"आत्ता तर म्हणालात, पंचावन्न..."

"चुकलंय म्हटलं ना! घे आत!"

त्याचा आवाज फाटला. मेव्हण्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीशी रचलेल्या पिशव्यांकडे. डावीकडच्या वेगळ्या रचलेल्या होत्या. दहाच्या आठ, वर दोनची एक.  गाडी मागे घेऊन त्याने काट्यांवर चढवली, इंजिन बंद केलं आणि तिथेच बसून राहिला.

"मी उतरू का, बाबा?"

"नको, बसून राहा. दोघंही बसा. पिशव्या नकोत आता."

मिस्त्रीने खिडकीतून पडदा तिच्या हातात दिला, पाना उचलला आणि चाकापाशी उताणा झाला. रिंगमधून हूक दोनदा निसटला.

"पंचावन्न धरून केलं होतं," वरून लेकीचा आवाज आला, "मग चुकलं कसं?"

"काटा हलला असेल," मेव्हणा पटकन म्हणाला. "होतं असं कधीकधी."

गाडीखाली पाना थांबला.

"काटा बरोबर होता," मिस्त्री म्हणाला. "पिशव्या मी काढल्या नाहीत."

 रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली. लेकीने वही मिटल्याचा आवाज त्याला ऐकू आला. ती दार उघडेल, उतरेल, घरी निघून जाईल, म्हणून तो पाना छातीशी धरून पडून राहिला.

"पुढचं डावं," ती म्हणाली. आवाज जरा चिरका होता, पण शब्द स्पष्ट होता. "दोनशे एक्क्याण्णव. अजून कमी आहे, बाबा."

त्याने हूक रिंगमध्ये अडकवला आणि अर्धा आटा फिरवला.